दोन आकड्यांमधली वाट

रात्री उशिरा हेडफोन लावून एकच सूर ऐकत बसायची मला सवय आहे. त्यात चाल नसते, ताल नसतो. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी एक लाट, ११० हर्ट्झवर, आणि तिच्या वाटेत एक फिल्टर, एवढंच. फिल्टरचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरच्या वारंवारता तो अडवतो तो आकडा, खाली असला की तो सूर बंद दारापलीकडून आल्यासारखा घुमतो. कटऑफ हळूहळू वर न्यायला लागलं की आत दडलेले स्वरांश एकामागून एक उजळत जातात: आधी २२०, मग ३३०, मग ४४०. रेझोनन्स, म्हणजे कटऑफच्या आसपासच्या वारंवारतांना मिळणारा जोर, थोडा वाढवलेला असेल तर प्रत्येक स्वरांशापाशी फिल्टर क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो आणि तो स्वरांश शिट्टीसारखा वेगळा ऐकू येतो. एका सुराच्या पोटात इतके सूर असतात हे वाचून कळतंच, पण हाताने एकेक उघडून ऐकलं की ते अंगात मुरतं.

हे मी पहिल्यांदा स्वतः लिहिलेल्या कोडमधून केलं तेव्हा मात्र कानावर भलतंच काही आलं. स्लायडरचा आकडा कटऑफला जोडायचा, इतकंच काम होतं आणि ते एका ओळीत झालं होतं. स्लायडर सरकवला आणि सुरावर खरखर उमटली, बॅगेची चेन ओढावी तशी. ध्वनीचं काम करणारे तिला झिपर नॉइजच म्हणतात. स्लायडर थांबला की खरखरही थांबायची आणि सूर जिथे थांबेल तिथे अगदी हवा तसा असायचा. मी कटऑफचे आकडे स्क्रीनवर छापून पाहिले. एकही चुकलेला नव्हता. प्रत्येक आकडा बरोबर आणि तरी आवाज चुकीचा, या कोड्यात माझा तो आठवडा गेला. खरं म्हणजे पुढची काही वर्षंही त्यातच गेली, आणि मला त्याचं अजूनही समाधान आहे.

पहिला धागा सापडला तो मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीत. माझा स्लायडर मिडीवरून बोलत होता. १९८३ मध्ये आलेल्या या पद्धतीत नेहमीच्या कंट्रोलरची किंमत सात बिटांत बसवतात, म्हणजे ० ते १२७. तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जायचे. तीन बाइटांचा एक निरोप पोचायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागायचा. त्या चौकटीत सात बिट हा शहाणपणाचा निर्णय होता. पण मी त्यावर काय लादत होते? २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा, सुमारे दहा सप्तकांचा पल्ला मी त्या १२७ उड्यांमध्ये वाटत होते. दहा सप्तकं म्हणजे १२० अर्धस्वर. म्हणजे माझी एकेक उडी जवळपास एका अर्धस्वराची. मला वाटत होतं मी उतारावरून हात फिरवते आहे; प्रत्यक्षात मी जिना चढत होते आणि प्रत्येक पायरीवर पडणारं पाऊल ऐकू येत होतं.

२०२० मध्ये आलेल्या मिडी २.० ने कंट्रोलरच्या किमतीला बत्तीस बिट दिले. पण पायऱ्या बारीक केल्या म्हणून सगळं सुटत नाही. हात झटक्यात सरकला की मधल्या पायऱ्या येतच नाहीत, ४० नंतर थेट ५२ येऊन उभा राहतो.

प्रोग्रामिंग करणाऱ्या माणसाची बरोबरच्या चिन्हावर फार श्रद्धा असते. कटऑफ बरोबर ४०० लिहिलं की कटऑफ ४००. पुढच्या ओळीत २४०० लिहिलं की २४००. या दोन ओळींमध्ये काहीही घडत नाही, आणि हिशेब करताना, याद्या लावताना हे वरदानच असतं. ध्वनीत मात्र 'मध्ये काहीच न घडणं' ही फार मोठी घटना ठरते. तार, हवा, कानाचा पडदा, यांतलं काहीही मधली जागा ओलांडल्याशिवाय इथून तिथे जात नाही. स्पीकरचा पडदाही जात नाही. पण आपण त्याला तसं जायला सांगू शकतो, आणि तो बिचारा जमेल तितक्या वेगाने धावतो. तो झटका आपल्याला टिचकीसारखा ऐकू येतो. लाटेतला कोपरा जितका तीक्ष्ण, तितक्या वरपर्यंतच्या वारंवारता तिच्यात मिसळतात. असा कोपरा एखादाच असेल तर टिचकी, आणि सेकंदाला शंभर असतील तर माझी ती खरखर.

यावरचा उपाय इतका छोटा आहे की तो पहिल्यांदा लिहिला तेव्हा एवढ्याने भागेल यावर माझा विश्वास बसेना. किंमत थेट लक्ष्यावर नेऊन ठेवायची नाही. प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे लाट ज्या आकड्यांनी बनते त्यांतल्या प्रत्येक आकड्याला, लक्ष्यापर्यंत जेवढं अंतर उरलंय त्याचा एक लहानसा अंश चालायचा. नवी किंमत = जुनी किंमत + अंश × (लक्ष्य − जुनी किंमत). बस.

हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. समजा सेकंदाला ४८,००० सॅम्पल आहेत, अंश ०.००१ आहे आणि कटऑफला ४०० वरून २४०० ला जायचंय. अंतर २००० हर्ट्झ. पहिल्या सॅम्पलला तो २ हर्ट्झ पुढे जातो. आता अंतर १९९८, म्हणून पुढचं पाऊल १.९९८ चं. त्याच्या पुढचं आणखी किंचित लहान. हजार सॅम्पल झाले, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद उलटले, की तो १६६४ पाशी असतो. पाच हजार सॅम्पल झाले, म्हणजे सेकंदाचा साधारण दहावा भाग, की अंतर चौदा हर्ट्झच्याही आत आलेलं असतं. लांब असताना भरभर, जवळ आल्यावर सावकाश. अंधारात दिव्याच्या बटणाकडे जाणारा आपला हात असाच जातो. बहुधा म्हणूनच ही वक्ररेषा कानाला परकी वाटत नाही.

मग त्या अंशाशी माझा खेळ सुरू झाला. ०.००१ ला खरखर गेली आणि स्लायडर हाताला चिकटून आहे असं वाटलं. ०.०००१ केलं आणि सूर हाताच्या मागून येऊ लागला, पाण्यात हात फिरवल्यावर पाणी जसं थोडं उशिरा वळतं तसा. आणखी एक शून्य वाढवलं तर हात जाऊन आपल्या जागी परत आला तरी सुराला आत्ता कुठे जाग येत होती. एकच सूर, एकच स्लायडर, तीच हालचाल, आणि तीन वेगळी वाद्यं! त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आकडे मी उगाच न्याहाळत बसले होते. वाद्याचा स्वभाव त्यांच्या मधल्या वाटेत होता.

ही सोय आता तयारही मिळते. सुपरकोलायडर या संगीताच्या प्रोग्रामिंग भाषेत किमतीच्या पुढे लॅग हा शब्द जोडला की झालं. ब्राउझरमध्ये आवाज घडवणाऱ्या वेब ऑडिओतही हीच वक्ररेषा आहे. फक्त एक गोष्ट मी ठेच लागून शिकले. लॅगला दिलेला वेळ म्हणजे अंतराचा हजारावा भाग उरेपर्यंतचा वेळ, आणि वेब ऑडिओतला टाइम कॉन्स्टंट म्हणजे सुमारे ६३ टक्के वाट सरेपर्यंतचा. दोन्हीकडे ०.१ लिहिलं तर दुसरा पहिल्यापेक्षा जवळपास सातपट सावकाश चालतो. एकीकडचा कोड दुसरीकडे नेला आणि वाद्य अचानक आळसावलं, तर आधी इथे बघावं.

सगळीकडे असा लॅग लावत सुटायचं नसतं, हेही सांगायला हवं. आघाताच्या आवाजात तो पहिला तीक्ष्ण कोपरा हाच त्याचा प्राण असतो. तो घासून गुळगुळीत केला तर ढोलाची उशी होते. आणि वारंवारतेच्या बाबतीत वाट कुठल्या मोजपट्टीवर चालायची हेही ठरवावं लागतं. २० ते २०,००० चा स्लायडर सरळ रेषेत लावला तर त्याचा मध्य येतो १०,०१० वर, म्हणजे स्लायडरचा जवळजवळ सगळा उजवा अर्धा भाग एकाच सप्तकात खर्च होतो. गुणाकाराच्या मोजपट्टीवर लावला तर मध्य येतो ६३२ च्या आसपास, आणि कानालाही मध्य तोच वाटतो. कान बेरजा करत नाही, पटी मोजतो.

हात आणि आवाज यांच्यातलं हे अंतर संगणकावरच्या संगीताला जन्मापासून चिकटलेलं आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रामने आयबीएम ७०४ या संगणकावर पहिली छोटी रचना तयार केली, ती १७ सेकंदांची होती. त्या १७ सेकंदांत मध्येच काही बदलावं अशी सोयच नव्हती. आकडे आधी मोजून चुंबकीय टेपवर साठवायचे आणि मग वेगळ्या यंत्रावर त्या टेपमधून आवाज काढायचा. मॅथ्यूज स्वतः हौशी व्हायोलिनवादक होते. ज्याच्या बोटाखाली सूर जन्मतो त्या माणसाला ही वाट पाहणं किती जड गेलं असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

१९७० च्या सुमारास त्यांनी आणि एफ. आर. मूर यांनी ग्रूव्ह नावाची यंत्रणा उभी केली आणि त्यात एक विलक्षण वाटणी केली. त्या वेळचा संगणक जिवंत आवाज त्या क्षणी मोजण्याइतका वेगवान नव्हता. म्हणून आवाज काढायचं काम ॲनालॉग यंत्रांकडे दिलं, आणि संगणकाने फक्त ती यंत्रं हलवायची. रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरने १९६४ पासून त्याची भूमी तयार करून ठेवलीच होती: तिथे प्रत्येक बटणाच्या जागी एक व्होल्टेज जोडता यायचं, एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. ग्रूव्हमध्ये हाताच्या हालचाली संगणक लक्षात ठेवी, त्या नंतर सुधारता येत, आणि वाजत असतानाच त्यांच्यावर नवी हालचाल चढवता येई. मॅथ्यूज यांच्या कल्पनेतला वाजवणारा प्रत्येक सूर स्वतः वाजवणारा नव्हता. वाद्यवृंदासमोर उभ्या असलेल्या संचालकासारखा होता.

या वाटणीमागे एक निरीक्षण आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आवाज वेगवान असतो, पण आवाज बदलण्याची इच्छा हळू असते. लाटेला सेकंदाला हजारो आकडे लागतात. तिचा जोर किंवा रंग बदलणाऱ्या हाताला काहीशे पुरतात. ग्रूव्ह केव्हाच इतिहासजमा झालं, वाटणी मात्र टिकली. सीसाउंड या संगीताच्या भाषेत आवाजाच्या गतीने चालणारे आणि नियंत्रणाच्या गतीने चालणारे असे वेगळे चल असतात. सुपरकोलायडर एरवी ६४ सॅम्पलचा गठ्ठा करतो, म्हणजे ४८,००० च्या हिशेबाने नियंत्रणाचा आकडा सेकंदाला ७५० वेळा बदलतो. वेब ऑडिओचा गठ्ठा १२८ चा.

पण ही सीमारेषा पक्की नाही, आणि ती पुसट होते तिथेच सगळ्यात सुंदर गोष्ट घडते. १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतकार जॉन चाउनिंग सुराच्या कंपाशी खेळत होते. सूर वर-खाली हलवायचा वेग आणि पल्ला ते वाढवत गेले, आणि एका टप्प्यानंतर त्यांना हलणारा सूर ऐकू येईनासा झाला; त्या जागी एक नवाच नाद आला. हेच फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या सिंथेसायझरमधून ते पुढे जगभर गेलं.

मी हे वाचलं होतं, तरी स्वतः करून ऐकल्यावर अंगावर काटा आला. ४४० हर्ट्झचा साधा सूर घेतला. त्याची वारंवारता सेकंदाला ६ वेळा हलवली: गाणाऱ्याच्या गळ्यातला कंप. १२ वेळा: घाबरलेला कंप. पंचविसाच्या पुढे हेलकावा मोजता येईना, सुराला नुसता खडबडीतपणा आला. मी वेग वाढवत राहिले, हलण्याचा पल्लाही वाढवला, आणि ११० वर पोचताच तो खडबडीतपणा विरघळून एक भरदार, पितळी सूर समोर उभा राहिला, खाली ११० चा पाया धरून. वेग १५७ केला तर त्याच जागी घंटेसारखा, स्वरांश एकमेकांशी न जुळणारा नाद. मी एकच आकडा हलवत होते. तो हळू हलला तोवर त्याला नियंत्रण म्हणायचं, पुरेसा वेगाने हलला की तोच नाद.

वारंवारता हलवण्यावरूनच आठवलं. माझ्या हातून झालेली एक चूक इथे सविस्तर सांगावीशी वाटते, कारण ती चूक समजल्यावर मला लाट म्हणजे काय ते नीट कळलं. लाट निर्माण करणारा तयार ऑसिलेटर न वापरता मी स्वतःचा लिहिला होता. शाळेत शिकलेलं सूत्र: वारंवारता गुणिले वेळ, त्याचा साइन. स्थिर सुराला ते उत्तम चाललं. स्लायडर जोडला, लॅग लावला, पहिली काही सेकंदं सगळं छान. मिनिटभराने मात्र स्लायडर किंचित हलवला तरी सूर किंचाळत वर उसळायचा आणि हात थांबला की मुकाट्याने योग्य जागी येऊन बसायचा. जितका वेळ प्रोग्राम चालू, तितकी उसळी मोठी. प्रोग्राम बंद करून परत सुरू केला की सूर पुन्हा शहाणा.

कागदावर मांडलं तेव्हा उलगडा झाला. समजा इतका वेळ स्थिर असलेला ४४० चा सूर आत्ताच सेकंदाला फक्त १ हर्ट्झ या गतीने वर सरकू लागलाय. हे साठाव्या सेकंदाला घडलं तर त्या सूत्राने कानावर ४४० च्या जागी एकदम ५०० येतात. पाच मिनिटांनी घडलं तर ७४०. कारण तिथे वेळ म्हणजे सुरुवातीपासूनचा सगळा वेळ. मी वारंवारता बदलली की ते सूत्र समजत होतं, ही पहिल्या क्षणापासून अशीच होती. ते प्रत्येक सॅम्पलला सगळा भूतकाळ नव्याने मांडत होतं आणि त्या काल्पनिक भूतकाळातून लाट आज कुठे असायला हवी तिथे तिला उचलून ठेवत होतं. भूतकाळ जितका लांब, तितकं हे उचलणं मोठं.

दुरुस्ती पुन्हा एका ओळीची. सुरुवातीपासूनचा वेळ विसरायचा. लाट तिच्या फेऱ्यात कुठवर आली आहे तेवढं जपून ठेवायचं, आणि प्रत्येक सॅम्पलला आत्ताच्या वारंवारतेइतकं एक पाऊल त्यात मिळवायचं. झालेलं झालं, पुढचं पाऊल फक्त आपल्या हातात. ही ओळ बदलल्यावर मी तासभर नुसता स्लायडर वर-खाली करत होते. सूर लोण्यासारखा सरकत होता.

मोठा भाऊ व्हायोलिन वाजवतो. एकदा त्याला मी माझा सूर ऐकवला. कंप घातलेला, लॅग लावलेला, माझ्या मते निर्दोष.

"दादा, ऐक ना. कसा वाटतो?"

त्याने डोळे मिटून दोन-तीन सूर ऐकले. "अगं, हा लागतो त्याच क्षणी थरथरायला लागतो. असं कोण वाजवतं? आधी सूर धर. तो बसू दे. मग हलव."

मग त्याने व्हायोलिन काढून एक लांब सूर वाजवला आणि मी तो रेकॉर्ड करून स्क्रीनवर मोठा करून पाहिला. सुरुवातीला रेषा जवळजवळ सरळ होती. अर्ध्या सेकंदाच्या आसपास तिच्यात बारीक नागमोड आली, मग ती रुंदावत गेली. वेग सेकंदाला सहाच्या आगेमागे, पण कुठलीही दोन वळणं अगदी सारखी नाहीत. आणि एक गोष्ट मी शोधत नव्हते तरी दिसली: त्याने गज जरा दाबला की नुसता आवाज मोठा होत नव्हता, वरचे स्वरांशही जागे होत होते. त्याच्या हाताची एक हालचाल तीन-चार गोष्टी एकदम बदलत होती. माझ्याकडे मात्र आवाजाला एक स्लायडर, रंगाला दुसरा, कंपाला तिसरा, असं कपाटातल्या खणांसारखं सगळं वेगवेगळं होतं.

त्या संध्याकाळी मी कंपाला स्वतःची वाट दिली. सूर लागल्यावर ०.४ सेकंद थांबायचं, मग ०.८ सेकंदांत पूर्ण खोलीला पोचायचं, आणि वेगात अगदी थोडा बेभरवसा मिसळायचा. मग सगळे स्लायडर काढून टाकले आणि एकच ठेवला, 'दाब' नावाचा. त्याच्याखाली आवाजाचा जोर, कटऑफ, गजाच्या घासण्यासारखा थोडा खरखराट आणि कंपाची खोली, असं सगळं बांधलं. प्रत्येकाला स्वतःची मोजपट्टी, स्वतःचा लॅग. कटऑफ आधी पोचतो, जोर त्याच्या मागून येतो. दादाने पुन्हा ऐकलं. "हां," तो म्हणाला, "आता कुणीतरी वाजवतंय." मग बराच वेळ स्लायडर त्याच्याच हातात होता.

वेळेबद्दल बोलायचं राहिलंच. संगणक एकेक सॅम्पल लगेच बाहेर सोडत नाही. तो गठ्ठा भरतो आणि देतो. ५१२ सॅम्पलचा गठ्ठा म्हणजे ४८,००० ला साधारण १०.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेतीन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एवढा उशीर समोरच्या भिंतीपाशी बसलेल्या वादकाचं ऐकतानाही होतच असतो. एकसारखा उशीर हात समजून घेतो. हाताला सहन होत नाही तो अनियमित उशीर: एकदा ३ मिलिसेकंद, एकदा २०, एकदा ८. अशा वेळी ताल लंगडतो आणि वाजवणाऱ्याला आपलंच बोट चुकतंय असं वाटू लागतं. म्हणून आवाज भरणाऱ्या कोडने कशाचीही वाट पाहायची नसते. तिथे फाइल वाचायची नाही, नवी मेमरी मागायची नाही, त्याच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या कामाच्या, म्हणजे थ्रेडच्या, कुलपापाशी उभं राहायचं नाही. आणि आधीच ठरलेले सूर 'आत्ता वाजव' असं न सांगता 'अमुक क्षणी वाजव' असं थोडं आधी कळवून ठेवायचे. संगीताचे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या ओएससी पद्धतीच्या निरोपावर वेळेचा शिक्का मारता येतो तो याचसाठी. चक नावाच्या भाषेत तर काळ आपण पुढे ढकलल्याशिवाय सरकतच नाही. 'आत्ता' हा तिथे एक चल आहे आणि त्याच्यात किती वेळ मिळवायचा ते कोड लिहिणारा सांगतो. संगीतासाठी केलेल्या भाषेत मला सगळ्यात आवडलेली कल्पना हीच.

सूर वाजत असताना कोडच बदलणाऱ्यांचा एक मेळा आहे. २००४ मध्ये हॅम्बुर्गमध्ये टॉपलॅप नावाने ही मंडळी एकत्र आली; वाजवताना आपला स्क्रीन सगळ्यांना दाखवायचा हा त्यांचा आग्रह. मी हे घरीच, दारं लावून करते. त्यात आकड्याच्या जागी अख्खी ओळ बदलते, फिल्टरच्या जागी दुसराच फिल्टर येतो. तरी प्रश्न तोच राहतो: जुनं कसं जाणार, नवं कसं येणार. सुपरकोलायडरमध्ये त्यासाठी फेड टाइम ठरवता येतो. जुना आवाज तेवढ्या वेळात मावळतो आणि नवा उगवतो. तो मी चार सेकंद ठेवते. त्या चार सेकंदांत दोन्ही कोड एकदम वाजत असतात, आणि कधीकधी तेच सगळ्यात चांगलं वाजतं.

गेल्या महिन्यात एक वेगळंच घडलं. ६४ आवाजांचं एक मोठं वाद्य मी लिहिलं होतं. वाजत असताना प्रोसेसरचा मीटर शांत असायचा. सगळे आवाज मिटवले, हेडफोनमध्ये पूर्ण शांतता पसरली, आणि दोन सेकंदांनी मीटर एकदम वर चढला. काहीच वाजत नसताना संगणक धापा टाकत होता.

दोषी माझी लाडकी ओळच होती. जोराचं लक्ष्य शून्य, आणि किंमत दर सॅम्पलला उरलेल्या अंतराचा हजारावा भाग चालतेय. पाव सेकंदात ती कानाच्या आवाक्याबाहेर जाते. पण थांबत नाही. १.८ सेकंदांनी ती इतकी लहान होते की बत्तीस बिटांच्या नेहमीच्या मांडणीत मावत नाही. असे अतिसूक्ष्म आकडे प्रोसेसर वेगळ्या रीतीने लिहून ठेवतो आणि बऱ्याच प्रोसेसरना त्यांच्यावर काम करायला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्याहून पुढे तर अशी वेळ येते की हजारावा भाग काढला तर तो शून्यच भरतो, मग किंमत कमीही होत नाही आणि शून्यही होत नाही. शून्याच्या उंबऱ्यावर चौसष्ट आवाज ताटकळत उभे होते.

असे आकडे सरळ शून्य धरण्याची सूचना प्रोसेसरलाही देता येते, पण मी ते माझ्या हाताने करायचं ठरवलं. एक ओळ वाढवली: किंमत अमुक इतकी लहान झाली की किंमत बरोबर शून्य. तेच जुनं बरोबरचं चिन्ह, मधली वाट न घेता. मग सगळे आवाज पुन्हा लावले, मिटवले आणि हेडफोन कानावर ठेवून मीटरकडे बघत बसले. सूर विरत गेला, ऐकू येईनासा झाला. मीटर हलला नाही.